घाट उतरताना डिस्क ब्रेक दगा देतो, ब्लीड केलं तरी परत तेच: नेमकं काय तपासायचं

चोर्ला घाट उतरून पायथ्याच्या केरीला पोचेपर्यंत लिव्हर हँडलला टेकायला लागते. खाली चहा होईपर्यंत ब्रेक थंड होतो, लिव्हर परत जागेवर येते आणि माणूस निर्धास्त होतो. पुढच्या घाटाला पुन्हा तेच. बेळगावात माउंटन बाईक चालवणाऱ्यांच्या तोंडी ही तक्रार सतत असते, आणि त्यावरचा उपायही ठरलेला: दुकानात न्यायची, ऑइल बदलायचं, एअर काढायची, म्हणजेच ब्लीड करायचं. थोडे दिवस बरं वाटतं. मग राजहंसगडाच्या उतारावरही लिव्हर मऊ लागते.

तापलेल्या ब्रेकमध्ये बिघाड एकाच जागी होत नाही. पॅड, ऑइल, पॅडला ढकलणारा पिस्टन आणि पॅड जिला चिमटतात ती डिस्कची प्लेट या चारही जागा उष्णतेने बिघडतात, आणि ब्लीडिंग हा त्यातल्या एकाच जागेचा इलाज आहे. कुठली जागा बिघडली हे ओळखल्याशिवाय नुसतं ऑइल बदलत राहिलात तर दुरुस्ती दर खेपेला अर्धीच होते. कधी कधी तर त्या ब्लीडिंगनेच पुढचा बिघाड होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण परत परत येणाऱ्या तक्रारींमागे बऱ्याचदा तेच असतं.

आपल्याकडे हा त्रास जास्त का, तेही बघून घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, पठाराच्या काठाला. पूर्वेला, गोकाककडे निघालात तर ब्रेकला फारसं काम नाही. पश्चिमेला मात्र जमीन एकदम संपते: चोर्ला, अनमोड, आंबोली, तिलारी. जांबोटी, कणकुंबीपर्यंत चढ-उतार करत आलात तर ब्रेक नावाला लागतो, आणि मग सगळं काम एका दमात त्याच्या गळ्यात पडतं. तिलारीचा घाट तर अंतराने लहान, पण इतका तिरका की लिव्हरवरून बोटं काढायला जागाच नाही.

आता थोडा हिशेब. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो वजन ६०० मीटर खाली उतरलं तर सुमारे ५३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. दीड लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी ही ऊर्जा. वारा आणि टायर त्यातला वाटा उचलतात, पण हळू उतरलात तर वाऱ्याचा वाटा अगदीच कमी. उरलेलं सगळं जातं दोन पातळ स्टीलच्या प्लेटांत, ज्यांचं वजन प्रत्येकी शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतं. ताशी ४० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबलात तरी दोन्ही प्लेटा अंदाजे ५० अंशांनी तापतात. मधे थंड व्हायला वेळच दिला नाही तर काय होईल, ते सांगायला नको.

आधी लिव्हर काय सांगते ते बघा

घाटातच, बिघाड चालू असताना, लिव्हर हाताला कशी लागली हे लक्षात ठेवा. घरी येऊन तपासलं तर बहुतेक वेळा सगळं ठीकच दिसतं. दुकानदाराला "ब्रेक लागत नव्हता" एवढंच सांगितलंत तर तो बिचारा ऑइलच बदलणार.

लिव्हर नेहमीसारखी कडक, नेहमीच्याच जागी थांबणारी, पण कितीही दाबली तरी सायकल थांबत नाही, असं असेल तर ऑइलला हात लावू नका. पॅड तापून निकामी झालेत, किंवा पॅड-प्लेटवर काहीतरी बसलंय.

लिव्हर आत आत जाते, हँडलला टेकते, दोन-तीनदा भराभर दाबली की थोडी वर येते: हे ऑइलमध्ये वाफ किंवा हवा असल्याचं लक्षण. नाहीतर पॅड पार झिजलेत.

लिव्हर उलट जास्त जास्त कडक होत जाते, तिची चाल कमी होते आणि लिव्हर सोडली तरी चाक घासत राहतं: कॅलिपरमध्ये (चाकाजवळचा, पॅड-पिस्टन बसवलेला भाग) ऑइल जास्त भरलंय किंवा पिस्टन मागे सरकत नाही. हा प्रकार सगळ्यात कमी ओळखला जातो, आणि सगळ्यात जास्त उष्णता हाच तयार करतो.

लिव्हरला बोटाखाली धडधड जाणवते, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा "स्स" असा आवाज येतो: प्लेट वाकली.

घाटात ब्रेक गेला की त्या क्षणी काय

थांबता येत असेल तर पुढच्या वळणाची वाट न बघता थांबा. उतार संपत आला असेल आणि ब्रेक अजून थोडा लागत असेल तर सपाटीवर ब्रेक न लावता थोडं फिरा, कारण फिरत्या प्लेटला वारा लागतो. थांबल्यावर लिव्हर दाबून धरू नका. तापलेली प्लेट पॅडच्या चिमटीत राहिली की तेवढा भाग तापलेलाच राहतो, बाकीची प्लेट थंड होते आणि ती वाकते. वर तीच उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि पिस्टनमधून ऑइलकडे जाते.

बोट लावून बघायची खुमखुमी आवरा. डिस्कच्या भोकांचा ठसा बोटावर उमटलेली माणसं मी बघितलीत. तळहात प्लेटपासून दोन-तीन बोटं लांब धरा, उष्णता जाणवेनाशी झाली की पुरे.

आणि पाणी मारू नका. पावसाळ्यात चोर्ल्यात आणि आंबोलीत रस्त्याच्या कडेलाच धबधबे पडतात, सगळे तिथेच थांबतात आणि चिखलाने भरलेली सायकल धारेखाली धरायचा मोह सगळ्यांनाच होतो. पावसातून चालताना प्लेटवर पाणी उडतं ते वेगळं. ते फिरत्या प्लेटला सगळीकडून सारखं लागतं. तापलेली, थांबलेली प्लेट एका बाजूने गार पाण्यात गेली की ती सरळ राहायची शाश्वती नाही.

लिव्हर कडक, ब्रेक शून्य: पॅडकडे बघा

पॅड दोन जातीचे. एक राळेत बांधलेले, ज्यांना रेझिन किंवा ऑरगॅनिक म्हणतात, आणि दुसरे धातूची पूड भाजून केलेले, म्हणजे सिंटर्ड किंवा मेटल. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना कंपनीकडून रेझिनचेच येतात. ते आवाज कमी करतात, थंड असताना पटकन लागतात, पण एका तापमानापुढे राळ सुटायला लागते. तिचा वायू पॅड आणि प्लेटच्या मधे येतो आणि पॅड घसरतो. थंड झाल्यावर पॅडच्या तोंडावर काचेसारखी चकाकी उरते. हेच ग्लेझिंग. पॅडमध्ये माल भरपूर दिसतो म्हणून कोणी बदलत नाही, आणि ऑइल मात्र दोनदा बदलून होतं.

चाक काढा, पॅड काढा, उन्हात तिरके धरून बघा. तोंड खडबडीत, निस्तेज, राखाडी असेल तर ठीक. आरशासारखं चकाकत असेल तर चकाकी घासावी लागेल. १२० किंवा १५० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा, पॅड त्यावर पालथा धरून आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवा. वरचा पापुद्रा निघाला की थांबा. तोंडाला रुमाल बांधा, पॅडची पूड नाकात जाऊ देऊ नका. पॅडला तडे असतील, कडा भुरभुरत असतील, किंवा माल मागच्या पत्र्यापासून सुटत असेल तर घासत बसू नका, टाकून द्या. माल अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तरी टाकूनच द्या. पॅड पातळ झाला की उष्णता पिस्टनपर्यंत लवकर पोचते, म्हणून झिजलेल्या पॅडवर घाट उतरणाऱ्याचं ऑइलही लवकर उकळतं.

प्लेटही साफ करायला हवी. भांड्याची हिरवी घासणी घ्या, पण नवी कोरी. स्वयंपाकघरातली वापरलेली आणलीत तर तेल आणि साबण प्लेटवर चोळाल. दोन्ही बाजू गोल गोल घासा आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने स्वच्छ कापडाने पुसा. मोबाइल दुरुस्तीवाले हेच वापरतात, त्यामुळे मिळायला अडचण नाही. मोटरसायकलचा ब्रेक क्लीनरही चालतो, फक्त पॅड काढून आणि रबरी सीलपासून लांब.

इथे आपल्याकडची एक खोड सांगायलाच हवी. चिखलाने भरलेली सायकल लोक मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेतात. प्रेशरने धुतली की तिथला पोरगा सवयीने डिझेलचा फवारा मारतो, नाहीतर चमक यायला पॉलिशचा स्प्रे. ड्रम ब्रेकच्या मोटरसायकलला ते खपून जात असेल, पण डिस्क ब्रेकच्या पॅडने एकदा डिझेल प्यायलं की तो गेला. गॅसवर भाजून तेल काढायचा जुगाड खूपजण करतात. रेझिनच्या पॅडमध्ये तेल आतपर्यंत मुरतं, वर वर जळतं, पहिल्याच उतारावर परत बाहेर येतं. आणि घरात तो धूर नको. माझं मत विचाराल तर तेल लागलेला पॅड वाचवायचा प्रयत्नच करू नये.

पॅडच्या मागच्या बाजूला, पिस्टन टेकतो तिथे, ओलसर दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे सीलमधून ऑइल गळतंय. नवे पॅड घातलेत तर तेही खराब होतील. आधी कॅलिपर.

लिव्हर हँडलला टेकते: ऑइल

सायकलच्या ब्रेकमध्ये दोन प्रकारची ऑइल चालतात. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो मिनरल ऑइल वापरतात. स्रॅमचे बहुतेक ब्रेक डॉट फ्लुइडचे, पण त्यांचे अलीकडचे काही मॉडेल मिनरलवर आलेत, म्हणून लिव्हरच्या झाकणावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. दोन्हींचे रबरी सील वेगळ्या जातीचे असतात. चुकीचं ऑइल पडलं तर सील फुगतात, आणि मग पूर्ण ब्रेकच बदलावा लागतो.

बेळगावात हा धोका दोन बाजूंनी आहे. मोटरसायकलच्या कुठल्याही दुकानात डॉट ३ आणि डॉट ४ हाताशी असतं, मिनरल ऑइल मागवावं लागतं. आणि दुसरं, आपलं गाव हायड्रॉलिकचं. उद्यमबागेत कोणाच्या ना कोणाच्या वर्कशॉपला हायड्रॉलिक ऑइलचा बॅरल असतोच, आणि "तेही मिनरलच की" म्हणून त्यातलं पावशेर घातलेले ब्रेक मी बघितलेत. ते प्रेसच्या सिलिंडरसाठी आहे. सायकलची नळी दोन-अडीच मिलिमीटर आतल्या व्यासाची, तिच्यासाठी ते फार जाड. थंडीत लिव्हर सोडल्यावर पिस्टन वेळेत मागे येत नाही, पॅड घासत राहतात, म्हणजे पुन्हा उष्णता.

डॉट फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. मृग लागल्यापासून दिवाळीपर्यंतच्या आपल्या दमट हवेत उघडी ठेवलेली बाटली पुढच्या वर्षी वापरू नये, एवढा त्याचा अर्थ. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, म्हणून काही लोक ते कायमचं समजतात. शोषत नाही हे खरं, पण म्हणूनच आत शिरलेलं पाणी वेगळं राहतं आणि जड असल्यामुळे सगळ्यात खाली, म्हणजे नेमकं कॅलिपरमध्ये जाऊन बसतं. पाणी आपल्या उंचीवर ९७-९८ अंशांना उकळतं. त्याची वाफ झाली की लिव्हर दाबल्यावर वाफ दबते, पिस्टन हलत नाही. थंड झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि लिव्हर जागेवर येते. खाली चहा पिऊन झाल्यावर ब्रेक "आपोआप बरा" होतो तो असा.

म्हणून घाटात एकदा लिव्हर हँडलला टेकली असेल तर नुसती वरून हवा काढून भागत नाही, जुनं ऑइल पूर्ण बाहेर काढायला हवं. बाहेर आलेल्या ऑइलचा रंग बघा. शिमानोचं नवं ऑइल गुलाबी-लाल असतं. काळपट, गढूळ निघालं तर ते बऱ्याचदा तापलंय. हवा कॅलिपरकडून लिव्हरकडे, खालून वर ढकला, मधे नळीवर आणि कॅलिपरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टिचक्या मारा. कॅलिपरच्या आतल्या कोपऱ्यात चिकटलेला बुडबुडा टिचकीशिवाय हलत नाही.

एक लहानशी शंका आधीच दूर करून घ्या. गोव्यातून परतताना सायकल टेम्पोत आडवी घालून आणली, किंवा पंक्चर काढायला उलटी उभी केली, आणि त्यानंतर लिव्हर मऊ लागली, तर ती उष्णतेची करामत नाही. लिव्हरच्या टाकीत वर राहिलेली हवा नळीत उतरली. सायकल सरळ उभी करा, लिव्हर पंचवीस-तीस वेळा हळूहळू दाबा, बहुतेक वेळा हवा परत वर जाते. दर वेळी होत असेल तर टाकीत हवा जास्त आहे, ब्लीड करा.

लिव्हर कडक होत जाते: ब्लीड केल्यानेच होणारा बिघाड

वडगावच्या एका पोराने सायकल दाखवायला आणली तेव्हा त्याचं पहिलं वाक्य: "काका, दोनदा ब्लीड करून आणलोय की, तरी घाटात चाक आवळूलंय." चाक फिरवून बघितलं तर मोकळं होतं. पॅड नवे होते. लिव्हरची चाल मात्र अगदीच थोडी.

झालं होतं असं. पहिल्यांदा ब्लीड केलं तेव्हा जुने, झिजलेले पॅड आतच होते. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागे जास्त ऑइल मावतं. त्या स्थितीत टाकी काठोकाठ भरली. मग नवे, जाड पॅड आले. पिस्टन मागे ढकलावे लागले, पण मागे जायला ऑइलला जागाच नाही. कसेबसे बसवले. गार असताना चाक फिरतं, पण घाटात ऑइल तापून फुगतं. फुगलेलं ऑइल टाकीत जायला हवं, टाकी भरलेली, म्हणून ते पिस्टनला बाहेर ढकलतं. पॅड प्लेटला चिकटतात, घासतात, आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. माणसाने न लावताही ब्रेक लागत राहतो. त्यात दुसऱ्यांदा ब्लीड करताना वरून आणखी थोडं ऑइल गेलं.

उपाय सोपा आहे, पण तो क्रमानेच करावा लागतो. चाक काढा, पॅड काढा, पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने सावकाश पूर्ण आत ढकला, मधे ब्लीड ब्लॉक (पिस्टन आत धरून ठेवणारा ठोकळा) घाला. ब्लॉक नसेल तर योग्य जाडीचा लाकडी तुकडा चालेल, पण स्वच्छ. लिव्हर जमिनीला समांतर करा, वरचा स्क्रू उघडा, जास्तीचं ऑइल बाहेर येऊ द्या, आणि मगच ब्लीड करा. स्क्रू ड्रायव्हरने पिस्टन ढकलू नका. शिमानोच्या अनेक कॅलिपरमध्ये पिस्टन सिरॅमिकचे असतात, एका बाजूने जोर दिला तर टवका उडतो, कधी तडा जातो.

पिस्टन मागे न सरकण्याचं दुसरं कारण घाण. पिस्टनभोवतीचा चौकोनी सील दाबताना थोडा पिळतो आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढतो. एवढ्याशा पिळावर सगळा खेळ आहे. आपल्याकडची जांभ्याची तांबडी माती पावसाळ्यात पिस्टनच्या कडेला बसते आणि उष्णतेने पक्की होते. दोनपैकी एक पिस्टन अडकतो, दुसराच पुढे येतो, प्लेट एका बाजूला ढकलली जाते. लिव्हर हळू दाबून बघा, दोन्ही पिस्टन सारखे पुढे येतात का. जो हलत नाही तो थोडा बाहेर आणा (चाललेला पिस्टन टायर लिव्हरने धरून ठेवा, पार बाहेर येऊ देऊ नका), कानकोरणीच्या कापसाला ब्रेकचंच ऑइल लावून कडा पुसा, आत ढकला, परत बाहेर काढा. तीन-चारदा केलं की बहुतेक सुटतो. जास्तीचं ऑइल अल्कोहोलने पुसल्याशिवाय पॅड बसवू नका. इतकं करूनही सुटला नाही तर सील उष्णतेने कडक झालाय, तिथे घरगुती इलाज संपतो.

प्लेट

प्लेटचा रंग बघा. स्टेनलेस स्टील तापलं की आधी फिकट पिवळं, मग तपकिरी, जांभळं आणि शेवटी निळं दिसतं. साध्या लोखंडापेक्षा हे रंग बऱ्याच वरच्या तापमानाला येतात, त्यामुळे प्लेट निळी दिसली तर ती चांगलीच तापून गेली आहे. नुसत्या रंगामुळे प्लेट टाकायची गरज नाही. सरळ असेल, जाडी शिल्लक असेल तर चालते. जाडी व्हर्नियरने मोजा: बऱ्याच प्लेटांवर किमान जाडी कोरलेली असते, जुन्या शिमानोसाठी ती १.५ मिलिमीटर. वर्कशॉपात ओळख आहे म्हणून सरफेस ग्राइंडरवर घालून "प्लेन" करून आणू नका. आधीच पातळ असलेली प्लेट आणखी पातळ होईल.

थोडी वाकलेली प्लेट हाताने किंवा डिस्क सरळ करायच्या पान्याने सरळ करता येते. फ्रेमला झिप टाय बांधून तिचं टोक प्लेटजवळ आणा, चाक फिरवा, कुठे लागतं ते दिसेल. अगदी थोडं वाकवा, परत बघा. दर घाटाला वाकत असेल तर दोष प्लेटचा नाही, वर सांगितलेल्या घासण्याचा आहे. आणि सहा बोल्टची प्लेट असेल तर बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने, सारखे आवळलेत का तेही बघा.

केबलचा डिस्क ब्रेक असेल तर

पंचवीस हजारांच्या आतल्या बऱ्याच सायकलींना ऑइल नसतंच, केबल असते. तिथे लिव्हर टेकली की उकळण्याचा प्रश्न नाही, पॅड झिजलेत किंवा केबल ढिली पडलीय. या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. नुसती केबल ताणून भागवणाऱ्यांचा हलणारा पॅड झिजत जातो आणि प्लेट वाकून वाकून दुसऱ्याला टेकते. आतल्या बाजूचा स्थिर पॅड त्याच्या स्क्रूने प्लेटच्या अगदी जवळ आणा, मग केबलकडे वळा. पॅडच्या चकाकीचं वर सांगितलेलं सगळं इथेही तसंच लागू.

पॅड बसवल्यावर घाटात नाही, आधी सपाटीला

घासलेले किंवा नवे पॅड घालून थेट चोर्ल्याला गेलात तर पुन्हा चकाकी येणार. पॅडचा पातळ थर प्लेटवर बसल्याशिवाय ब्रेकला पूर्ण पकड येत नाही. रविवारी उद्यमबागेतले रस्ते मोकळे असतात, कॅम्पातही जागा सापडते. मध्यम वेगाने जा, एकच ब्रेक लावून चालण्याच्या वेगापर्यंत या, पण पूर्ण थांबू नका आणि चाक लॉक करू नका. वीसेकदा. मग थोड्या जास्त वेगाने दहाएकदा. मग दुसरा ब्रेक. पहिल्या काही खेपांना पकड कमी वाटेल, पुढे ती वाढत गेलेली बोटांना कळते.

तरीही दर घाटाला तापतंच असेल

दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी बघा. मागची निळी आणि पुढची लखलखीत असेल तर बिघाड तुमच्या हातात आहे. "पुढचा ब्रेक दाबशील तर तोंडावर आपटशील" हे आपण सायकल शिकताना ऐकलेलं, ते काही जात नाही. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, खरी पकड तिथेच. मागचं चाक हलकं, बऱ्याच सायकलींना मागची प्लेटही लहान, आणि सगळा घाट तिच्यावर काढायचा म्हटल्यावर ती तापणारच. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवी लिव्हर पुढच्या ब्रेकची असते, पण बाहेरून आणलेल्या काहींना उलट असते. कुणाची सायकल घेऊन घाटात उतरणार असाल तर आधी ते तपासा.

दुसरी सवय, सतत हलका ब्रेक धरून ठेवायची. ताशी २० च्या वेगाने ७ टक्के उतार उतरताना उताराची ओढ साधारण ३४० वॅटची असते आणि वारा-टायर मिळून त्यातले शंभरेक वॅट खातात. बाकीचे दोनशे चाळीसेक वॅट सलग पॅडमध्ये. त्याच उतारावर ४० ने गेलात तर वाराच चारशेच्या आसपास वॅट खातो, ब्रेकला उरतात ते कमी. म्हणून डांबरी रस्त्यावर, जिथे समोरचं दिसतं तिथे, सरळ भागात सोडून द्यायचं, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ, आणि परत पूर्ण सोडायचं. धुक्यात, ओल्या रस्त्यावर, समोरून गोव्याचे टँकर येत असताना हे जमणार नाही, तिथे हळूच जा आणि मधे थांबा. वैजनाथच्या डोंगरावरच्या दगडी वाटांवरही वेग घेता येत नाही. तिथे थांबण्याला पर्याय नाही, आणि लाज बाळगायचं कारणही नाही.

सवय सुधारली, तरीही तापतंय, वजन जास्त आहे किंवा पाठीवर सामान आहे, तर ब्रेकचे पार्ट बदलण्यात अर्थ आहे. पहिल्यांदा प्लेट मोठी करा: पुढे १६० मिलिमीटरची असेल तर १८० ची. त्याच दाबाला साधारण आठवा हिस्सा जास्त ताकद मिळते आणि उष्णता सोडायला जास्त स्टील. त्यासाठी कॅलिपरखाली अडॅप्टर लागतो, आणि फोर्क किती मोठी प्लेट सोसतो हे त्याच्या कंपनीच्या माहितीत बघावं लागतं. मग सिंटर्ड पॅड. ते उष्णतेला टिकतात, पावसात आणि चिखलात कमी झिजतात, आवाज मात्र करतात. घेण्याआधी प्लेटवर काय कोरलंय ते वाचा. स्वस्त प्लेटांवर "रेझिन पॅड ओन्ली" लिहिलेलं असतं. अशा मऊ स्टीलवर सिंटर्ड पॅड घातले तर ते प्लेट खाऊन टाकतात. शिवाय सिंटर्ड पॅड उष्णता पिस्टनकडे जास्त पाठवतात, म्हणून ते घालणार असाल तर ऑइल त्याच दिवशी नवं करून घ्या आणि पिस्टन पूर्ण आत ढकलूनच भरा.